शेळीची साक्ष

सरांच्या दाराची कडी वाजवली की आतून "कोण?" असा आवाज येत नसे. "कशासाठी?" असा येई. कोण आलंय याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं. पोस्टमन असो, दूधवाला असो, की पास झाल्याचे पेढे घेऊन आलेला विद्यार्थी असो, सगळ्यांना सवाल एकच. त्या पेढेवाल्या पोराने बिचाऱ्याने "सर, तुमच्या आशीर्वादाने..." एवढंच म्हटलं, तर सरांनी त्याला उंबऱ्यावर थोपवून धरलं. "आशीर्वाद मी दिलेला नाही. मार्क दिले होते, तेही बेतानेच. पेढे कशासाठी?" शेवटी पोराने कबूल केलं, की त्याला पुढे शिकायला मुंबईला जायचं होतं आणि शिफारशीची चिठ्ठी हवी होती. सरांनी चिठ्ठी लगेच लिहून दिली. पेढा मात्र घेतला नाही. मी माझ्या खिडकीतून हे बघत होतो, तर मला म्हणाले, "माणूस वाईट नसतो हो. फक्त त्याला काहीतरी हवं असतं, आणि तो ते मायेच्या फडक्यात गुंडाळून आणतो."

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं मी रत्नागिरीत, मांडवीच्या बाजूला, त्यांच्या घरात भाड्याने राहिलो. मी सांगलीकडचा, सरकारी कचेरीतला कारकून, बदलीवर आलेला. निघताना आमच्याकडच्या झाडून सगळ्यांनी बजावलं होतं, कोकणात चाललायस, माणसं गोड बोलतील, पण जपून राहा. तेव्हा संशयाची शिदोरी मीही घरून बांधूनच घेतली होती. पण घरमालक असा भेटला, की माझी शिदोरी सोडायची वेळच आली नाही.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पन्नाशीला टेकलेले, सडपातळ, बिनलग्नाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी अटी सांगितल्या. "ओटीलगतची खोली तुमची. विहीर दोघांची. घरोबा करायचा नाही. सणावाराला ताट पाठवायचं नाही, मीही पाठवणार नाही. आजारी पडलात तर कडी वाजवा, पण काय होतंय ते आधी बाहेरूनच सांगा." मी बरं म्हटलं. मग ते पुढे झाले, माझ्या खांद्याजवळ नाक आणलं आणि मला चक्क हुंगलं. "रॉकेल, आणि लिंबाचा साबण," असं म्हणून किल्ली हातात ठेवली. माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढचा महिनाभर मी दाराला आतून कडी घालून वर ट्रंक लावून झोपत असे.

हुंगण्याची त्यांना सवयच होती. दूध हुंगून घेत, वर्तमानपत्र हुंगून उघडत, आणि कॉलेजातून आलेल्या नोटिसाही नाकाजवळ नेऊनच वाचत. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पाच वर्षं मी त्यांचा "अहो भाडेकरू" होतो. घरात एक मांजर येई. तिला एक दिवस त्यांनी दूध घालायचं आणि एक दिवस मी, असा नियम होता. घालणाऱ्याने तिच्या अंगावरून हात फिरवायचा नाही. कुणा एकाची सवय लागली की ती बिचारी त्यालाच माया समजायला लागेल, असं त्यांचं म्हणणं. मांजर दोघांनाही सारखंच पाण्यात पाहत असे.

तरुणपणी एकदा ते मुलगी बघायला गेले होते. मुलगी पोह्यांची बशी घेऊन आली, तर यांनी विचारलं, "तुम्हाला मी कशासाठी हवा आहे?" मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मला कुठे हवे आहात? बाबा म्हणाले म्हणून बसल्ये." ही हकिगत सर फार कौतुकाने सांगत. आयुष्यात मिळालेलं सर्वांत स्वच्छ उत्तर, म्हणत. लग्न मात्र मोडलंच.

आता त्या कोंबडीच्या पिल्लांचं सांगतो, कारण गावाने सरांवर पहिला संशय घेतला तो त्यावरून. सरांनी एका लाकडी पेटीत दिवा लावून अंडी उबवली. पिल्लं फुटली तेव्हा आसपास कोंबडी नव्हतीच. होती ती एक लाल प्लॅस्टिकची बादली. दोरी बांधून सर ती पिल्लांपुढून हळूहळू ओढत राहिले. सकाळ त्यात गेली. दुसऱ्या दिवसापासून सर बादली घेऊन विहिरीवर निघाले की मागून पिल्लांची रांग. बादली विहिरीत सोडली की पिल्लं काठावर गोळा होऊन असा काही कालवा करत, की बघणाऱ्याला वाटावं यांची आईच बुडाली. खरी कोंबडी आणून समोर ठेवली, तर तिच्याकडे ढुंकून बघेनात.

शेजारच्या वहिनींनी एकदा कपडे धुवायला म्हणून ती बादली मागून नेली, तर सगळी पलटण त्यांच्या स्वयंपाकघरात. वहिनी भीतीने पांढऱ्या पडल्या. संध्याकाळी मला कुंपणाशी गाठून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्या घरात राहता म्हणून सांगत्ये. हे काही सरळ नाही हो. पिल्लं बादलीला आई म्हणतात म्हणजे काय? काहीतरी देवस्की केलीन आहे त्या माणसाने. कपाटात मुंडकी ठेवलीन आहेत म्हणे बाटल्यांतून."

मुंडकी नव्हती. बेडूक होते, एक साप होता, आणि मेंढीचा मेंदू होता, औषधाच्या पाण्यात बुडवलेला. पण वहिनींनी गावाच्या राखणदार देवाला नारळ दिला तो दिलाच, आणि मीही त्या रात्री ट्रंक पुन्हा दाराला लावली.

सरांना विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं. "पिल्लू फुटल्यावर थोडा वेळ त्याच्या मेंदूत एक दार उघडं असतं. तेवढ्यात समोर जे हलेल, ते आत जाऊन बसतं. मग दार बंद. आत कोंबडी गेली की बादली, हे मेंदू बघत नाही. लोक याला आईवरची माया म्हणतात. मी बादलीवरची म्हणतो." असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण तो शोध लागलेल्या माणसाचा नव्हता. कोर्टात एखाद्याच्या विरुद्ध पुरावा सापडावा तसा होता. हा माणूस कुणावर फिर्याद लावतोय, असा मला प्रश्न पडला.

एका रविवारी दुपारी त्यांनी मेंढीच्या मेंदूची बरणी ओटीवर आणून ठेवली. मुंबईचा कुणी जुना सोबती त्यांना परदेशी मासिकांतले लेख पाठवत असे. ते हातात आले की सरांना ऐकायला कुणीतरी लागे, आणि घरोबा करायचा नसला तरी भाडेकरू चालत असे. बरणीतल्या मेंदूच्या पुढच्या टोकाला दोन गाठी होत्या, त्यांवर बोट रोखून म्हणाले, "वास इथे पोचतो. मेंढी विते तेव्हा पोटातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाचा जो ताण बसतो ना, त्याची खबर मेंदूला लागते आणि मेंदूत एक रस सुटतो. ऑक्सिटोसिन. ज्याने पान्हा फुटतो, तोच. तो सुटला की या गाठी जाग्या होतात. मेंढी पिल्लू चाटते, आणि त्याचा वास आत पक्का बसतो. पुढे कळपात शंभर पिल्लं असोत, ती त्यालाच पाजणार. दुसरं आलं तर ढुशी. आणि ते पहिले काही तास हुकले, तर स्वतःच्या पिल्लालाही ढुशी. अजून पुष्कळ शोधायचंय, पण शेळ्यामेंढ्यांत एवढं दिसतं."

"म्हणजे आईची माया म्हणजे नुसता वास?" मी विचारलं.

"वास आणि वेळ."

"आणि माणसांत?"

सर बरणीचं झाकण घट्ट करत राहिले. "माणसांवर असा प्रयोग करू देत नाहीत," ते म्हणाले. "म्हणजे होतात पुष्कळ. पण त्याला प्रयोग म्हणत नाहीत, आणि नंतर कुणी चौकशीला येत नाही."

इथे कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळलं. कळवलं अर्थात वहिनींनीच. म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही होय? गणपतीच्या आधी एक म्हातारी येते ना, कोकमं नि पोहे घेऊन, जिला ते काकू म्हणतात? काकू कसली, आई ती त्यांची. सख्खी. थोरल्या दिराला मूल नव्हतं, म्हणून दत्तक दिलंन यांना. चार वर्षांचे होते. हे घर त्या दिराचं. थोरली जाऊ जिवंत होती तोवर हे तिला आई म्हणायचे. नि जन्म दिलान ती झाली काकू."

काकूला मी दरवर्षी बघत होतो. ठेंगणी, वाकलेली, आवाजाने मात्र खणखणीत अशी बाई. गाव मालगुंडच्या बाजूला, तिथे थोरल्या मुलाच्या घरात राहायची. मुलगा मुंबईला गिरणीत आणि सून गावी. एसटीने यायची, दोन रात्री राहायची, जायची. कडी वाजली की आतून "कशासाठी?" यायचंच. काकू म्हणायची, "अशीच."

"असं अशीच काही नसतं, काकू."

"बरं, नसतं. ही पिशवी रिकामी करून दे. परत न्यायची आहे."

सर पिशवी रिकामी करत, पोहे हुंगत, डबा झाकून ठेवत. दोन दिवसांत त्या दोघांत घड्याळाने मोजावं इतकंच बोलणं होई, आणि काकू गेल्यावर सर आठवडाभर माझ्यावरही चिडचिड करत. येते कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. दिलं तेव्हा दिलं. मग आता पोहे कशासाठी?

आपली गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. "समजा, एक पोर आहे. ओटीवर भटजी बसलेत, गाव जमलाय, बाप त्याला उचलून थोरल्या भावाच्या मांडीवर ठेवतो. पोर आईला शोधतं. आई मागल्या अंगणात पाठमोरी बसून फणस कापत्ये. जेवणावळीची भाजी. पोर हाका मारतं. ती मान वळवत नाही. पोराला गाडीत बसवतात, गाडी निघते, तरी ती बाहेर येत नाही. फणसच कापत्ये. आता भाडेकरू, तुम्ही कारकून माणूस. या कागदावर काय शेरा माराल?"

आपल्या घरचं कुणी असतं तर खोटं तरी बोललो असतो.

"मी शेरा मारलेला नाही," सर म्हणाले. "मी फक्त पुरावा शोधतोय. तिला काही वाटलंच नाही, की वाटायची सोयच मेंदूत उरली नव्हती? दुसरं असेल तर तिचा दोष नाही. मला पोहे खाता येतील."

एवढीच त्या माणसाची इच्छा होती. आईचे पोहे संशय न घेता खायचे होते.

त्या वर्षी चैत्रात काकू गणपतीची वाट न बघता आली. मोतीबिंदू पिकला होता, आणि शस्त्रक्रियेची सोय रत्नागिरीच्या दवाखान्यात होती. सर त्या दिवशी जवळजवळ खुशीत होते. "इतकी वर्षं अशीच यायची, यंदा डोळ्यासाठी आली. हे मला बरं वाटतं. कारण कळलं की जीव शांत होतो." शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात औषध घालायची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. अंथरूण, मऊ भात, डोळ्यावरची हिरवी झापड, सगळं जिथल्या तिथे. बोलत मात्र नव्हते. काकू मागल्या पडवीत भिंतीला टेकून बसायची आणि कानाने घर बघायची.

आणि त्याच सुमारास सरांची शेळी विणार होती. लांज्याकडून महिन्याभरापूर्वी आणलेली, काळी, एका शिंगाची. सर मला म्हणाले, "अहो भाडेकरू, शेळी व्याली की तिने चाटायच्या आत करडू उचलायचं आणि तुमच्या खोलीत ठेवायचं."

"कशासाठी?" मी विचारलं. इतकी वर्षं ऐकून घेतलेला शब्द परत करायची माझीही वेळ आली होती. सर गोणपाट शोधायला निघून गेले.

शेळी रविवारी सकाळी व्याली. ओलं, थरथरणारं करडू मी गोणपाटात गुंडाळून खोलीत नेलं. मागे शेळी दावं तोडायला बघत होती. ती अशी ओरडत होती, की वहिनी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि आता नवीन काय म्हणून आमच्याकडे बघत राहिल्या. पडवीतून काकूचा आवाज आला, "कोण रडतंय रे ते?"

"शेळी," सर म्हणाले. "राहील गप्प."

दुपारपर्यंत राहिली खरी. तिने गवताला तोंडही लावलं. ऊन कललं तेव्हा सर म्हणाले, "आणा." मी करडू तिच्यापुढे ठेवलं. ते धडपडत तिच्या पोटाखाली गेलं. शेळीने मान वळवली, हुंगलं, आणि त्या एका शिंगाने अशी ढुशी दिली, की करडू भिंतीवर आपटलं. पुन्हा उठलं, पुन्हा गेलं, पुन्हा तेच.

सरांचा चेहरा लाल झाला होता. ते पडवीत गेले आणि काकूच्या समोर उकिडवे बसले. "काकू, ऐक. शेळीने स्वतःचं पोर नाकारलंन. सकाळी तिच्याच पोटातून आलेलं. आता तिला ते परकं आहे. तिला वाईटसुद्धा वाटत नाही, खात्ये आरामात. पण तो तिचा दोष नाही, कळलं ना? मेंदूचं दार बंद झालं. तिने काही केलं नाही. तिला काही करताच आलं नसतं." ते काकूला सोडवत होते की पकडत होते, मला सांगता येत नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही येत नव्हतं.

काकूने डोळ्यावरची झापड नीट केली. मग विचारलं, "तिने चाटलंन होतं त्याला?"

"नाही. आधीच उचललं."

"आचळाला लागलं होतं?"

"नाही."

"मग ती ओळखणार कशी, मेल्या? तिला ते भेटलंच नाही. मी तुला चार वर्षं अंगावर वाढवला. गोवर आला तेव्हा तू मांडीवरनं खाली उतरत नव्हतास, नि मी उतरवत नव्हत्ये. ही शेळी कुणाच्याच बाजूने साक्ष द्यायची नाही. हिला काही ठाऊकच नाही."

सर उठून उभे राहिले. मी तिथून जायला हवं होतं, पण हातात करडू होतं आणि दार त्यांच्या पलीकडे. "मग बाहेर का नाही आलीस?" ते म्हणाले. पन्नाशीचा माणूस, पण तो प्रश्न पन्नाशीचा नव्हता. "मी हाका मारत होतो. तू फणस कापत होतीस."

"कापत होत्ये."

"एकदाही वळली नाहीस."

"हाताला तेल लावलं होतं का मी, ते बघितलंस?"

सर गोंधळले. मीही. आमच्या सांगलीकडे फणस कापायची वेळ येत नाही. कच्च्या फणसाला सुरी लागली की पांढरा चीक वाहायला लागतो, म्हणून आधी हाताला आणि सुरीला खोबरेल चोपडतात, हे मला नंतर वहिनींनी सांगितलं. तेलाशिवाय हात घातला, तर तो चीक साबणालाही जुमानत नाही.

"लावलं नव्हतं," काकू म्हणाली. "मुद्दाम. सासूबाई ओरडत होत्या, अगो तेल घे, तेल घे. मी म्हटलं, असू दे. कोपरापर्यंत चीक आला. हात असे झाले की कशाला लावायची सोय नाही. हात मोकळे असते ना, तर मी ओटीवर येऊन तुला ओढून घेतला असता त्या मांडीवरनं. तुझ्या बापाने शब्द दिलान होता भावाला. गाव बसला होता. म्हणून हात बांधून घेतले. दोरीने बांधले असते तर लोकांना दिसलं असतं."

सर माझ्या खोलीत येऊन बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा, आणि कशासाठी ते न सांगता.

"तुम्ही परके," ते म्हणाले. "तुम्हाला यात काही मिळायचं नाही. हे खरं असेल?"

"रचून सांगायचं तर फणस कोण रचेल, सर?"

"तोच तर संशय येतो. फार नेमकं आहे. इतकी वर्षं बोलली नाही, नि आज बोलली. आज तिला डोळ्यासाठी माझी गरज आहे." मग उठता उठता म्हणाले, "तिची सासू, माझी आजी, केव्हाच वारली. साक्षीदार उरलेला नाही."

मला त्या माणसाचा खरंच राग आला. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, हे ठीक आहे. पण याने फुंकता फुंकता ताक नासवायचं ठरवलं होतं. मी तसं बोललोही. सरांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. करडाला बाटलीने दूध पाजायचं काम माझ्यावर टाकून निघून गेले. ते करडू पुढे माझ्या मागे कचेरीच्या फाटकापर्यंत येत असे, आणि साहेबांनी त्यावरून मला दोनदा समज दिली.

दोन-तीन दिवसांनी मी जेवायला घरी आलो, तर मागल्या अंगणात सर पाठमोरे बसलेले. पुढ्यात कच्चा फणस. झाडावरून स्वतः उतरवला होता. तेलाची वाटी जवळपास कुठे नव्हती. शर्टाच्या बाह्या वर करून ते फोडीमागून फोड कापत होते, आणि चीक बोटांवरून मनगटावर, मनगटावरून वर चढत होता. मला वाटलं, डोकं फिरलं. मग लक्षात आलं, हा माणूस प्रयोग करतोय. साक्षीदार नाही तर नाही, हात तर होते.

कापून झाल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं. करडू तिथेच घुटमळत होतं. सरांनी ते उचलायचा प्रयत्न केला. बोटं केसांना चिकटली, करडू किंचाळलं, सर हात सोडवायला गेले तर केसांचा पुंजका हातातच राहिला आणि बोटंही एकमेकांना डकली. करडू पळालं. सर दोन्ही हात पुढे धरून उभे राहिले. खाली नेता येईनात, कशाला लावता येईनात.

"काय केलंस?" पडवीतून काकूने विचारलं. एव्हाना तिची झापड निघाली होती. अजून सगळं धुरकट दिसत होतं, तरी ती उठली, भिंत धरून आत गेली आणि खोबरेलाची बाटली घेऊन आली. "बस खाली. काही धरता येत नाही ना?"

"नाही," सर म्हणाले. "येत नाही."

ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली. एक हात मांडीवर घेतला, तेल ओतलं आणि एकेक बोट चोळायला लागली. चीक काळपट होऊन वळत होता. सर हाताकडे बघत होते. मी विहिरीपाशी उगाच रहाट हलवत उभा राहिलो.

"तुला आई म्हटलं तर?" सरांनी विचारलं. इतक्या हळू, की मला वाटलं मी ऐकायला नको होतं.

"नको," काकू म्हणाली. "ते तिचं नाव. तिने तुला शाळेत घातलंन, मुंज केलीन, परीक्षेला दहीसाखर दिलीन. मेलेल्या बाईचं नाव काढून घेऊ नये. मी काकूच बरी. फक्त दार उघडताना विचारत जाऊ नकोस. एवढी लांबून आलेली असत्ये."

सरांनी मान खाली घातली. काकूने दुसऱ्या हाताने त्यांचं डोकं जवळ ओढलं आणि टाळूवर नाक टेकवून हुंगलं, तान्ह्या पोराला हुंगतात तसं. सर दचकले. पण त्यांच्यातला मास्तर उठलाच.

"काकू, माणसाचं नाक इतकं तिखट नसतं. चार वर्षांच्या पोराचा वास पन्नाशीच्या माणसात उरत नाही. तुला काही कळायचं नाही."

"नसेल कळत," काकू म्हणाली. "मी काय वासासाठी हुंगत्ये होय?"

दुसऱ्या हाताचा चीक अजून निघायचा होता. तो हात सरांनी आपणहून तिच्या मांडीवर ठेवला.